चार्ज घेतला, चार्ज लावला, चार्ज झाला

पिंपळपान

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्द कोणता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: 'सेट' नाहीतर 'रन'. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या वीसखंडी आवृत्तीत 'सेट'ची नोंद सर्वांत लांब होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात एकट्या 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. ठीक आहे, पण मराठी माणसाच्या तोंडी 'रन' क्रिकेटपलीकडे फारसा जात नाही. 'चार्ज'चं तसं नाही. तो आपण दिवसभर वापरतो आणि दरवेळी वेगळ्या अर्थाने.

एकाच दिवसाच्या पेपरात काय काय सापडतं बघा. नव्या तहसीलदारांनी चार्ज घेतला. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली. मोर्चावर लाठीचार्ज झाला. ई-स्कूटरचं चार्जिंग स्टेशन सुरू झालं. हॉटेलातल्या सर्व्हिस चार्जवरून वाद झाला. पेपर ठेवून मुलाचं विज्ञानाचं पुस्तक उघडावं तर तिथे इलेक्ट्रॉनवर ऋण चार्ज. अधिकार, आरोप, मारहाण, वीज, पैसे! यांचा एकमेकांशी संबंध काय?

संबंध गाडीचा आहे. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे चाकांची गाडी. रोमन लोकांनी हा शब्द गॉल लोकांकडून उचलला. त्यावरून पुढे 'कार्रिकारे' झालं, म्हणजे गाडीत माल भरणे. फ्रेंचमार्गे तोच इंग्रजीत 'चार्ज' होऊन आला. कार, कॅरी, कार्गो ही त्याची भावंडं. 'कॅरिकेचर'सुद्धा त्याच घरातलं, इटालियन 'लादणे'वरून आलेलं. चेहऱ्यावर जरा जास्तच लादलं की झालं व्यंगचित्र.

माणसावर जबाबदारी लादली की तो इनचार्ज. गुन्हा लादला की आरोप. खर्च लादला की बिल. तोफेत दारू ठासली की तोही चार्ज, आणि चाल करून जाण्याचा अर्थ बहुधा या भरून रोखलेल्या हत्यारातूनच निघाला. विजेचा अर्थ बराच नंतर, अठराव्या शतकात आला.

माझं म्हणणं असं की मराठीत आपण 'चार्ज'साठी ढीगभर वेगवेगळे शब्द वापरतो, पण त्यातले बरेचसे शब्दही ओझ्याचेच आहेत. कार्यभार, पदभार, प्रभारी ही सरळ उदाहरणं. मंडळींनी आपापल्या क्षेत्रातले अर्थ आणि प्रतिशब्द टाकावेत. कोशातले नकोत, कामावर खरोखर बोलतात ते.

शेंगदाणा

सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय मी चार्ज होत नाही. हा अर्थ कोणत्या गाडीत भरायचा? (हलके घ्या.)

काळाकोट

छान धागा. फौजदारी बाजूला एक घोळ नेहमी होतो, तो आधी सांगते. चार्जशीट पोलीस दाखल करतात आणि चार्ज कोर्ट ठेवतं. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

तपास संपल्यावर पोलीस जो कागद कोर्टात देतात त्याला कायद्याने 'पोलीस अहवाल' म्हटलंय. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली जायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली जातो. मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत ते यावं लागतं, नाहीतर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. त्यानंतर न्यायाधीश कागदपत्रं पाहून आरोप निश्चित करतात. बातमीत 'आरोप निश्चिती' आली की समजायचं, प्रकरण दुसऱ्या पायरीवर पोचलं. खात्याच्या चौकशीतलं दोषारोपपत्र आणखी तिसरंच. ते शिस्तभंगविषयक अधिकारी देतो आणि राज्य सरकारी नोकरांना ते १९७९च्या शिस्त व अपील नियमांखाली मिळतं.

इंग्रजीत 'अक्यूज', 'ब्लेम' आणि 'चार्ज' एका रांगेत ठेवतात, पण अक्यूज कोणीही कोणालाही करू शकतं, शेजारीणसुद्धा. चार्ज करायला अधिकार लागतो. पुढचं शब्दयोगीही बदलतं: 'अक्यूज्ड ऑफ', पण 'चार्ज्ड विथ'. 'चार्ज्ड फॉर मर्डर' लिहिलं तर खुनाचं बिल लावल्यासारखं वाचलं जातं. आमच्याकडच्या अर्जांत हे सर्रास दिसतं.

मराठी मात्र इथे इंग्रजीपेक्षा बारीक कातते. आरोप खरा किंवा खोटा असू शकतो. 'आळ' म्हटलं की तो खोटा असल्याचा वास येतो; म्हणून तर गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो म्हणतात, चोरीचा आरोप नव्हे. 'किटाळ' आणि 'बालंट' तर सरळ निर्दोष माणसावरच येतात. 'ठपका' चौकशी समिती ठेवते, म्हणजे त्याला थोडा कागदी आधार असतो. आणि 'खापर' फोडायला दुसऱ्याचं डोकं लागतं.

पिंपळपान

@काळाकोट, ताई, प्रतिसाद फार आवडला. तुमच्या 'आरोप'मध्येच माझा मुद्दा आहे. आ + रुह्, त्याचं प्रयोजक रूप: वर चढवणे, वर ठेवणे. वृक्षारोपणातला 'आरोपण' तोच. वेदान्तातला 'अध्यारोप'ही तोच, एका वस्तूवर दुसरीचे गुण लादणे. मराठीत क्रियापदही बघा, आपण आरोप 'ठेवतो', 'लादतो'. म्हणजे संस्कृतातही दोष माणसाच्या अंगावर चढवायची वस्तू आहे.

शुद्धलेखन

धागा वाचनीय, पण निष्कर्षाला माझी हरकत आहे. कार्यभार, पदभार, प्रभारी हे तुम्ही 'मराठीतही ओझंच' याचा पुरावा म्हणून देताय. हे शब्द आजच्या अर्थाने कारभारात आले ते इंग्रजी कारभारामागोमाग. कोणीतरी 'चार्ज' समोर ठेवून 'भार' निवडला. महाराष्ट्रात १९६०मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, पदनाम कोश, शासन व्यवहार कोश निघाले, आणि कचेरीतल्या इंग्रजी शब्दांना संस्कृत पोशाख मिळाले. आरशातलं प्रतिबिंब दाखवून 'बघा, दोन माणसं सारखी दिसतात' म्हणण्यासारखं आहे हे. 'आरोप' मान्य, तो जुना आहे. भाषांतर म्हणून न घडलेलं आणखी एखादं उदाहरण आहे का?

सातबारा

आहे की. आमच्या दप्तरातच आहे.

शेतकऱ्याने सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात नोंद होते. तिला काय म्हणतात? बोजा. 'जमिनीवर बोजा आहे का?' हा खरेदी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न. बोजा चढवला, बोजा कमी केला, बोजा उतरला, असंच बोलतात. इंग्रजी कायद्यात त्याच गोष्टीला चार्ज म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०० ची व्याख्या त्याचीच. सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ४८ मध्येही सभासदाच्या जमिनीवर संस्थेचा चार्ज निर्माण होतो, तोच पुढे तलाठ्याकडे बोजा होऊन येतो.

गहाण वेगळं, बोजा वेगळा. गहाणात जमिनीतला हक्काचा भाग सावकाराकडे जातो. बोजात तसा हक्क जात नाही, पण देणं त्या जमिनीतून वसूल करता येतं. शेतकऱ्याच्या तोंडी दोन्ही एकच असतात हा भाग निराळा.

'बोजा' शब्द कोणा समितीने बसवलेला वाटत नाही. अंगठा उठवणाराही तो बोलत होता.

शुद्धलेखन

@सातबारा, हे उदाहरण पटलं. 'प्रभारी'बद्दलची हरकत कायम. शिवाय त्या शब्दाचं मराठीत वाटोळं झालंय ते वेगळंच. इंग्रजी 'इन चार्ज' म्हणजे ज्याच्या हाती सूत्रं आहेत तो. आपल्याकडे 'प्रभारी मुख्याध्यापक' म्हणजे ज्याला पद मिळालेलं नाही, फक्त काम मिळालंय. दूतावासातही तेच चालतं. ऑगस्ट २०१९ नंतर भारत आणि पाकिस्तान दोघांच्याही एकमेकांकडच्या उच्चायोगांना पूर्णवेळ उच्चायुक्त नाहीत, तिथे 'शार्जे दाफेअर' असतात. फ्रेंचमध्ये शब्दशः 'कामकाज सोपवलेला'. मराठी पेपर लिहितात 'प्रभारी उच्चायुक्त', आणि इथे मात्र तो अगदी चपखल बसतो.

शेंगदाणा

म्हणजे प्रभारीला भार असतो, पण वजन नसतं.

ऱ्हाईनकाठ

@शेंगदाणा, दंडवत!

जर्मनीहून थोडी भर. इथे 'लाडेन' म्हणजे माल भरणे. ट्रकमध्ये खोकी लाडेन, बंदूक लाडेन, आणि फोनची बॅटरीही लाडेन. 'लाडुंग' म्हणजे जहाजावरचा माल आणि कणावरचा विद्युत प्रभारसुद्धा. कोणी 'गेलाडेन' आहे असं म्हणाले की तो माणूस रागाने ठासून भरलेला आहे, जरा लांबूनच चाला. पण गंमत अशी की जर्मन पैसे आणि आरोप या गाडीत बसवत नाही. शुल्काला 'गेब्यूर', आरोपपत्राला 'आनक्लागे'. म्हणजे गाडी तीच, पण इंग्रजांनी तिच्यात सगळंच कोंबलं.

मांडवीकर

पोर्तुगीजमध्ये 'कार्रेगादोर' म्हणजे हमाल. आणि फोनचा चार्जरही कार्रेगादोरच. 'कार्गा' म्हणजे ओझं आणि विद्युत प्रभार. 'कार्गु' म्हणजे सरकारी पद, हुद्दा. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज कागदांत कुणाच्या नावाआधी 'कार्गु' दिसला तर तो जहाजावरचा माल समजू नये.

चार्जरला हमाल म्हणणं मला तरी फार आवडतं. पाठीवर वीज वाहून आणतो बिचारा.

प्रयोगवही

विजेच्या अर्थाबद्दल लिहितो, शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून.

१७४५-४६च्या सुमारास लायडन जार निघाली. आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी, घर्षणाने तयार केलेली वीज साठवायला. बेंजामिन फ्रँकलिनने त्यानंतरच्या काही वर्षांतल्या पत्रांत बरणी 'चार्ज' करण्याची भाषा वापरली. अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या त्याला त्याने 'बॅटरी' म्हटलं, आणि बॅटरी म्हणजे तर तोफांची रांग! म्हणजे आपल्या खिशातल्या फोनची बॅटरी चार्ज होते तेव्हा भाषेच्या हिशेबाने आपण तोफखान्यात दारू भरत असतो.

धन आणि ऋण ही विभागणीही त्याचीच. त्याच्या मते वीज हा एकच द्रव. जास्त झाला तर अधिक, कमी पडला तर उणे. मराठीत 'ऋण' म्हणजे कर्ज, त्यामुळे हिशेबाच्या वहीचा सूर आपसूक लागला. पण कोणत्या बाजूला अधिक म्हणायचं हे त्याने अंदाजाने ठरवलं. १८९७मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा तो नेमका 'ऋण' बाजूचा निघाला. म्हणून आजही आकृतीत विद्युतधारेचा बाण एकीकडे आणि तारेतले इलेक्ट्रॉन उलटीकडे. दहावीची मुलं दरवर्षी इथेच अडखळतात आणि शिव्या फ्रँकलिनला बसत नाहीत, मला बसतात. एका इलेक्ट्रॉनवरचा प्रभार १.६०२ × १० चा उणे १९वा घात कुलोंब, म्हणजे एवढासा की रोजच्या वापरात त्याची जाणीवच होऊ नये.

पाठ्यपुस्तकात 'प्रभार' आहे. वर्गात मीही 'चार्ज'च म्हणतो.

मीटररीडर

'प्रभार'च का, नुसता 'भार' का नाही? कारण वीजवाल्यांनी 'भार' आधीच 'लोड'साठी अडकवून ठेवलाय. भारनियमन विसरलात का इतक्यात? विजेच्या बिलावर 'मंजूर भार' असतो, तो लोड. त्याच बिलावर पैशाच्या चार्जला 'आकार' म्हणतात: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. आणि त्याखाली 'वीज शुल्क'.

लोक आकार आणि शुल्क एकच समजतात. आकार हा पुरवठा करणाऱ्याने सेवेसाठी घेतलेला पैसा. वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर, घरगुती ग्राहकाला १६ टक्के, कंपनी फक्त गोळा करून पुढे देते. इंग्रजीत पहिला 'चार्ज', दुसरा 'ड्यूटी'. स्थिर आकार तर महिनाभर घराला कुलूप असलं तरी लागतो. मीटर फिरला नाही, मग बिल कसलं, म्हणून भांडायला येतात ते याच ओळीवरून.

आजोळ

'आकार' सरकारी झाला. घरात आणि बाजारात मराठीला 'चार्जेस'ची गरजच नव्हती, कारण आपल्याकडे पैशासाठी प्रत्ययच आहे. शिवण्याचे पैसे शिवणावळ किंवा शिलाई. दळण्याचे दळणावळ. सोनाराचे घडणावळ. सराफाच्या पावतीवर हल्ली 'मेकिंग चार्जेस' छापतात, पण तोंडाने अजून 'घडणावळ किती पडेल?' असंच विचारतात. बाजार समितीत हमाली, तोलाई. गाडीचं भाडं, होडीचा उतार, पुलाचा टोल, मध्यस्थाची दलाली, भटजींची दक्षिणा (हिला चार्ज म्हणून बघा एकदा!). डॉक्टर-वकिलांची फी, कारण तिथे हुशारीचे पैसे. प्लंबरचा मात्र चार्ज. इंग्रजीतही 'फी', 'फेअर', 'टोल', 'रेट' अशा वेगळ्या चुली आहेत, 'चार्ज' त्या सगळ्यांत मोघम. ज्याला नेमका शब्द सुचला नाही त्याने वापरायचा.

'काय चार्ज करता?' असं शिंप्याला विचारलं की तो दर वाढवून सांगतो, असा आमच्या आईचा सिद्धांत होता.

सातबारा

+१. दक्षिणेला चार्ज म्हणायचं धाडस आमच्या गावात कोणी करणार नाही.

भट्टीवाला

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतला अर्थ राहिला. भट्टीत एका वेळी वितळवायला टाकतात त्या मालाला चार्ज म्हणतात. पिग आयर्न, भंगार, आधीच्या ओतकामातलं उरलेलं, वर लागेल तसा कार्बन, सिलिकॉन. 'चार्ज तयार आहे का', 'चार्ज टाका', 'आजचा चार्ज बिघडला' अशी भाषा. मालाचं प्रमाण चुकलं तर कास्टिंग कडक होतं आणि मशीन शॉपवाला टूल तुटलं म्हणून बोंबलतो. इथे कुठलाही प्रतिशब्द चालत नाही. 'प्रभार टाका' म्हणालो तर पोरं माझ्याकडे बघत बसतील. पण पिंपळपान यांची गाडी इथेच सगळ्यात खरी आहे: ट्रॉलीत माल भरा आणि ओता.

दगडखाणीत सुरुंगाच्या भोकात दारू भरतात तोही चार्ज. फ्रिजवाला 'गॅस चार्ज करतो' तेव्हाही भरतोच.

किल्लेदार

लढाईवरचं मीच लिहावं म्हणतो.

घोडदळाचा 'चार्ज' म्हणजे ओळ धरून, वेग वाढवत नेत शत्रूवर आदळणे. मराठीत हल्ला, धावा, चढाई, चाल हे सगळे शब्द आहेत, पण जवळचा शब्द 'एल्गार'. त्यात निकराचा वेग आहे. 'हल्ला' लपूनही करता येतो, एल्गार नाही. हल्ली एल्गार परिषदांपुरता उरलाय ते सोडा.

जगाला माहीत असलेला चार्ज म्हणजे क्रिमियन युद्धातला, बालाक्लावा, २५ ऑक्टोबर १८५४. चुकीच्या समजुतीने हलक्या घोडदळाची तुकडी तोफांच्या तोंडी गेली. आपल्या मातीतला म्हणाल तर आसई, आता जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने मॅक्सवेलने घोडदळाची चाल केली आणि शेवटच्या चालीत तो मारला गेला. बरोबर त्याच तारखेला, २३ सप्टेंबर १९१८, पहिल्या महायुद्धात, आजच्या इस्रायलमधल्या हैफा शहरावर जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी भाले रोखून, मशीनगनच्या माऱ्यात घोडे घातले. दिल्लीतला तीन मूर्ती चौक त्या मोहिमेतल्या जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानी पलटणींची आठवण. २०१८ मध्ये त्याच्या नावात हैफा जोडलं गेलं.

लाठीचार्जला मात्र 'लाठीमार' हाच शब्द बरोबर. तिथे ना घोडे ना ओळ. 'सौम्य लाठीमार' हा प्रकार ज्यांनी खाल्ला त्यांनी त्यातलं 'सौम्य' समजावून सांगावं.

कृष्णाकाठ

सगळे भरण्याबद्दलच बोलताय. 'डिस्चार्ज'चं काय? आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा तोच शब्द ऐकतो. कोयनेतून विसर्ग वाढवला, पंचगंगेची पातळी इतकी. तो 'विसर्ग' म्हणजे डिस्चार्ज, क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. 'पन्नास हजार क्युसेक' ऐकल्यावर नदीकाठी गुरं आधी सोडतात, भांडीकुंडी नंतर.

काळाकोट

@कृष्णाकाठ, बरं झालं काढलंत. कायद्यातही डिस्चार्ज आहे आणि पेपरवाले तिथे हमखास चुकतात. आरोप निश्चित होण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून कोर्टाने सोडलं तर तो डिस्चार्ज, मराठीत दोषमुक्त. खटला पूर्ण चालून सुटला तर अक्विटल, निर्दोष मुक्तता. पहिल्यात खटला उभाच राहिलेला नसतो, त्यामुळे नवा पुरावा आला तर पुन्हा कारवाईचा रस्ता उघडा असतो. दुसऱ्यात त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. बातमीत दोन्हींना 'निर्दोष सुटका' लिहितात.

आजोळ

दवाखान्यातला डिस्चार्ज राहिला. 'घरी सोडलं' इतकं सोपं मराठी असताना आता खेड्यातही 'डिचार्ज भेटला' म्हणतात. आणि त्याआधी चार्जेस भरावे लागतात.

पिंपळपान

@सातबारा, एक शंका. कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतो का? इंग्रजीत कर्ज 'डिस्चार्ज' होतं म्हणतात, म्हणून विचारतो.

सातबारा

आपोआप उतरेलच या भरवशावर राहू नका. बँकेचा किंवा सोसायटीचा कर्ज निरंक असल्याचा दाखला घ्यायचा, तो जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, मग फेरफार (हक्कबदलाची नोंद) पडतो आणि मंजूर झाला की इतर हक्कातली नोंद कमी होते. बरेच लोक शेवटचा हप्ता भरून पेढे वाटतात आणि दाखला घरातल्या पिशवीत ठेवून देतात. मग जमीन विकायला निघाले की खरेदीदार ताजा सातबारा काढतो, आणि त्यावर वडिलांच्या नावाचा बोजा तसाच उभा असतो. तुमचाही एकदा काढून बघा, ऑनलाइन मिळतो.